टॅबचे पेन : घ्यावे की करावे?

माहुलच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंनी गेल्या पावसाळ्यात आम्हांला एक पेन दाखवले. पांढरे, गुळगुळीत, बॉलपेनसारखे बारीक टोक. पदरमोड करून दीड हजार रुपयांना घेतलेले. तळहात काचेवर टेकला तरी चालतो आणि पेन तिरके धरले की रेघ जाड होते, असे खोक्यावर लिहिले होते. बाईंच्या टॅबवर यांतले काहीच घडत नव्हते. रेघ उमटे, पण तिरके धरा की सरळ, एकाच जाडीची. आणि तळहात टेकला की पानभर रेघोट्या. दुकानदाराने पेन परत घेतले नाही. ते बिघडलेले नाही असे त्याचे म्हणणे, आणि पंचाईत अशी, की ते म्हणणे खरे होते. पेन उत्तम होते. फक्त बाईंच्या टॅबला ते ओळखता येत नव्हते.

बाईंना पेन हवे होते ते हौसेसाठी नव्हे. माहुलच्या एका अंगाला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या अंगाला खाडी आणि तिचा चिखल, एका कडेला जुने माहुलगाव, आणि या सगळ्यांना खेटून २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतून हलवलेल्या कुटुंबांच्या दाटीवाटीच्या इमारती. इथल्या वर्गातली मुले आजारपणात, गावी जाण्यात, घर बदलण्यात बरेच दिवस गमावतात. अपूर्णांकांचे उदाहरण टॅबवर पायरीपायरीने सोडवायचे, सोबत बोलायचे, आणि ती चित्रफीत पालकांच्या फोनवर पाठवायची, अशी बाईंची कल्पना. बोटाने लिहून पाहिले, पण अंश आणि छेद एकमेकांवर चढत. म्हणून पेन.

हा प्रश्न एकट्या बाईंचा नाही. शाळाशाळांतून टॅब आले आहेत. मुंबई महानगरपालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब वाटले, ते वाचण्यासाठी होते. पुढे २०२० च्या टाळेबंदीने शिक्षकांना टॅबवर लिहायलाही लावले. त्यामुळे ‘कोणते पेन घेऊ?’ हा प्रश्न आता शिक्षकखोलीत नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर पेनात नसून काचेत आहे. तेव्हा आधी काचेकडे पाहू या.

दाबाची काच आणि बोटाची काच

स्वस्त टॅबची गोष्ट आपल्याकडे ‘आकाश’पासून सुरू होते. विद्यार्थ्यांसाठी काढलेला हा टॅब ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर झाला. त्याची काच दाबाची होती. तिचे तत्त्व दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. खाली काच, वर लवचीक पारदर्शक पडदा. दोघांच्या समोरासमोरच्या पृष्ठांवर इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक पण विद्युतवाहक लेप, आणि मध्ये सूक्ष्म ठिपक्यांनी राखलेली फट. वरून दाबले की दोन लेप त्या जागी एकमेकांना भिडतात. एका लेपाच्या दोन कडांना विभवांतर दिलेले असते. भिडलेल्या जागी किती विभव मिळाले हे मोजले, की तो बिंदू कडेपासून किती अंतरावर आहे हे कळते. प्रयोगशाळेत रोध-तारेवर सरकती कळ फिरवून आपण जे करतो, तेच हे. मग दुसऱ्या दोन कडांना विभवांतर देऊन पुन्हा तसेच.

अशा काचेला कोण दाबते आहे याच्याशी देणेघेणे नसते. बोट, नख, पेनचे टोपण, काडी, काहीही चालते. पण दाबावे लागते, आणि बिचाऱ्या ‘आकाश’बद्दलच्या मोठ्या तक्रारींपैकी ही एक होती. पुढे पवईच्या आयआयटीच्या देखरेखीखाली आकाश-२ तयार झाला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये बाहेर आला. त्याची काच वेगळी होती. तिला नुसते हलके बोट लावले तरी पुरे. गंमत अशी, की या सुधारणेत मुलांच्या हातची एक सोय गेली. पहिल्या ‘आकाश’वर पेनच्या टोपणाने लिहिता आले असते, दुसऱ्यावर नाही. आज बाजारात मिळणारे जवळजवळ सगळे टॅब आणि फोन या दुसऱ्या जातीचे आहेत.

या काचेच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या वाहक पट्ट्यांची जाळी असते. काही पट्ट्या आडव्या, काही उभ्या. आडवी आणि उभी एकमेकींना स्पर्श करत नाहीत, पण जिथे एकीवरून दुसरी जाते तिथे एक इवलेसे संधारित्र तयार होते. टॅब एकेका आडव्या पट्टीला विद्युतस्पंद देतो आणि उभ्या पट्ट्यांवर तो किती पोचला हे मोजतो. सगळी जाळी अशी सेकंदाला साठ-शंभर वेळा तपासली जाते. आता एखाद्या छेदाजवळ बोट आले. बोटात खारट पाणी आहे, म्हणजे ते वाहक आहे, आणि त्याच्यामागे अख्खे शरीर आहे. विद्युतक्षेत्राचा थोडा भाग उभ्या पट्टीकडे जायच्या ऐवजी बोटाकडे वळतो. उभ्या पट्टीवर तेवढे कमी पोचते. हा फरक एका पिकोफॅरडच्या अंशाइतका, पण टॅबला तो पुरतो. म्हणजे बोट काचेला दाबत नाही, बोट काचेकडून थोडेसे चोरते. चोरी कुठे झाली एवढेच टॅब पाहतो.

कल्पना जुनी आहे. विमानतळावरच्या वाहतूक-नियंत्रकांसाठी असा संधारित्राचा स्पर्शपडदा इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच मांडला होता. घरोघरी तो पोचला २००७ नंतर, आयफोनमुळे.

भेंडीने लिहून पाहा

एवढे समजले की पेनचा विचार मुलांनाच करू द्यावा. साहित्य स्वयंपाकघरातले आहे : रंगवलेली लाकडी पेन्सिल, पोळ्या गुंडाळायचा अॅल्युमिनियमचा कागद, कापूस लावलेल्या कान कोरायच्या काड्या, थोडे पाणी, आणि एक भेंडी किंवा गाजर. टॅबवर चित्र काढायचे कोणतेही साधे अॅप उघडा. काचेवर संरक्षक काच चिकटवलेली असली तर बरे. नसली तर काच आधी स्वच्छ पुसा. अॅल्युमिनियम काचेपेक्षा मऊ असते, ओरखडे काढतात ते धुळीचे कण.

पेन्सिलीच्या रंगवलेल्या बोथट टोकाने काचेवर रेघ मारा. काही उमटत नाही. तीच पेन्सिल कागदात गुंडाळा, कागदाचे टोक चेपून वाटाण्याएवढे आणि खालून सपाट करा, आणि बोटे कागदाला लागतील अशी धरा. रेघ उमटते. आता पेन्सिल जाड प्लास्टिकच्या पिशवीतून किंवा रबरी हातमोज्यातून धरा. रेघ तुटू लागते किंवा बंद पडते. मग कागदाची रुपयाएवढी चकती कापून नुसती काचेवर ठेवा. टॅबला तिचा पत्ता लागत नाही. तिच्यावर बोट ठेवा, लगेच लागतो. मुलांना विचारा : चकती तीच, जागा तीच, मग बोट ठेवल्यावर काय बदलले? चोरलेला भार ठेवायला जागा मिळाली, हे उत्तर कुणी ना कुणी देतेच. एकट्या चकतीत तो मावत नाही.

भेंडीने तर उत्तमच लिहिता येते. वर्गात या प्रयोगाला जितका हशा मिळतो तितका दुसऱ्या कशालाच नाही. कोरियात कडाक्याच्या थंडीत हातमोजे न काढता लोक सॉसेजने फोन चालवतात, अशा बातम्या २०१० मध्ये आल्या होत्या. तत्त्व एकच : पाणी, क्षार, आणि धरणारा हात.

आता कानाच्या काडीचे पेन करू. काडीभोवती अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळायचा, तो एका टोकाच्या कापसाला जेमतेम टेकेल असा, आणि तो कापूस ओला करून पिळायचा. झाले पेन. खर्च दोन-चार रुपये. कापूस वाळला की ते मुके होते, पुन्हा भिजवले की बोलते. मिठाच्या पाण्याने जास्त चांगले चालेल का, असे एका मुलाने विचारले. करून पाहिले. आम्हांला तरी फरक दिसला नाही. इतक्या क्षीण प्रवाहासाठी नळाचे पाणीही पुरेसे वाहक असते.

या पेनने लिहिताना एक अडचण लगेच कळते. टोक बोथट आहे. कापसाचे टोक निमुळते केले तर टॅब ऐकेनासा होतो. असे का? जाळीच्या दोन पट्ट्यांमध्ये साधारण ४ ते ५ मिलिमीटर अंतर असते. बोट एकाच वेळी कित्येक छेदांवर पडते, काहींवर जास्त, काहींवर कमी. टॅब त्या सगळ्यांचा मध्य काढतो, फळीवर ठेवलेल्या वजनांचा गुरुत्वमध्य काढावा तसा. म्हणूनच जाळी जाडीभरडी असूनही रेघ बारीक येते. टोक अगदी लहान झाले, तर एकाच छेदावर थोडासा फरक पडतो. तो इतका कमी, की टॅब त्याला विजेचा गोंगाट समजून सोडून देतो. साध्या पेनांची टोके ५ ते ८ मिलिमीटरची असतात ती यामुळे. त्यात कंपन्यांचा आळस नाही.

आणि ही जाळी मुलांना ‘पाहता’ही येते. काचेवर प्लास्टिकची पट्टी तिरकी ठेवा आणि तिच्या कडेने पेन अगदी हळू, मुंगीच्या चालीने ओढा. रेघ सरळ यायला हवी, पण बऱ्याच स्वस्त टॅबांवर ती किंचित नागमोडी येते. टोक छेदावर असताना आणि दोन छेदांच्या मध्ये असताना मध्य काढण्यात होणारी चूक वेगवेगळी असते, म्हणून हे वळण. आडव्या दिशेने एका वळणापासून पुढच्या वळणापर्यंतचे अंतर मोजले, की जाळीच्या अंतराचा अंदाज येतो. आत न डोकावता आतले माप काढण्याचा हा प्रयोग आम्हांला स्वतःला फार आवडला. तो जपून ठेवा, पेन विकत घेताना पुन्हा उपयोगी पडणार आहे.

दुकानात काय मिळते

आजच्या बाजारात शे-दोनशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत पेने आहेत. नावे शेकडो, जाती मात्र मोजक्या.

सर्वांत स्वस्त ती रबरी गोल टोकाची किंवा पारदर्शक चकतीची. ती म्हणजे आपल्या कानाच्या काडीचीच सुबक आवृत्ती. हाताचा भार टोकापर्यंत पोचवायचा, एवढेच काम. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, कुठल्याही टॅबवर चालते. या दोहोंत आम्ही चकतीचे घेऊ, कारण चकतीतून खालचे अक्षर दिसते आणि टोक नेमके कुठे आहे ते कळते. रबरी टोकाखाली काय चालले आहे ते दिसत नाही. देवनागरीत हा फरक मोठा आहे. अनुस्वार, रफार आणि मात्रा शिरोरेघेच्या वर नेमक्या जागी द्यायच्या असतात, आणि अंदाजाने दिलेला अनुस्वार शेजारच्या अक्षरावर जातो. चकती मात्र नाजूक. मुलांच्या हातात ती लवकर निखळते, तेव्हा सुट्या चकत्या सोबत मिळतात का ते विचारून घ्यावे.

त्यावरची जात बॅटरीच्या, बारीक टोकाच्या पेनांची, जी ‘सर्व टॅबना चालते’ असे सांगून विकली जाते. किंमत सातशे-आठशे ते दीड हजार. बारीक टोक पुरेसे चोरू शकत नाही हे आपण पाहिले. म्हणून या पेनातले विद्युतमंडळ काचेकडून आलेला स्पंद ओळखते आणि त्याच्या उलट्या दिशेचा, वाढवलेला स्पंद टोकातून परत सोडते. टॅबला वाटते की इथे चांगले जाड बोट टेकले आहे. म्हणजे हे पेन बोटाचे सोंग घेते. सोंग छान वठते, पण टॅबच्या लेखी ते बोटच! त्यामुळे दाब किती, पेन तिरके की सरळ, आणि मुख्य म्हणजे हे पेन आहे की तळहात, यांतले काहीही टॅबला कळू शकत नाही. अशा पेनच्या खोक्यावर ‘तळहात चालतो’ असे लिहिले असेल तर ते कुठल्या तरी दुसऱ्या टॅबविषयी आहे असे समजावे.

तिसऱ्या जातीत पेन आणि टॅब एकमेकांशी ठरलेल्या भाषेत बोलतात. टॅबला ती भाषा येत असली तरच उपयोग. आयपॅडची भाषा वेगळी (तिचे पेन २०१५ मध्ये आले), मायक्रोसॉफ्टची वेगळी, आणि अनेक कंपन्यांनी मिळून केलेली यूएसआय नावाची आणखी वेगळी. सॅमसंगच्या काही टॅबमध्ये तर संधारित्राच्या जाळीमागे तारांच्या वेटोळ्यांचा दुसराच पडदा असतो. तो चुंबकीय प्रवर्तनाने पेनला ऊर्जा देतो आणि पेन तिच्यावरच उत्तर देते, म्हणून त्या पेनला बॅटरी लागत नाही. २०२० मध्ये आलेल्या टॅब एस ६ लाइट या मध्यम किमतीच्या टॅबबरोबर असे पेन खोक्यातच येत असे. ज्याला खरोखर रोज तासन्‌तास लिहायचे आहे आणि टॅबही अजून घ्यायचा आहे, त्याने आधी महाग पेनकडे न पाहता पेनसह येणारा टॅब शोधावा. पेन हे टॅबचे अवयव आहे, दागिना नव्हे.

बाईंच्या पेनचा उलगडा इथे झाला. खोक्याच्या मागच्या बाजूला, भिंग घेऊन वाचावे लागेल अशा अक्षरांत, ‘२०१८ व नंतरचे आयपॅड’ असे होते. ते पेन दोन तऱ्हांनी चालते. आयपॅडवर ते आयपॅडची भाषा बोलते, आणि तळहात, तिरकेपणा हे सारे गुण तिथले. बटण दाबून दिव्याचा रंग बदलला की ते दुसऱ्या तऱ्हेत जाते आणि कुठल्याही टॅबवर बोटाचे सोंग घेते. बाईंच्या साध्या अँड्रॉइड टॅबवर त्यांना मिळत होते ते हे सोंग. तळहाताचे म्हणाल, तर दोनशे रुपयांच्या चकतीनेही तेच दिले असते. टोक तेवढे बारीक होते.

काउंटरवरच्या चार मिनिटांत

पेन घ्यायला जाताना स्वतःचा टॅब सोबत न्यावा, आणि त्यावर नेहमी असते ती संरक्षक काच काढू नये. काच जाड झाली की जाळी आणि टोक यांतले अंतर वाढते. अंतर वाढले की धारिता घटते हे आपण शिकवतोच. उघड्या काचेवर सुरेख चाललेले पेन घरी जाड काचेवर अडखळते ते यामुळे. टॅब चार्जरला लावून कसोटी घेऊ नये. सुमार चार्जरमधून येणाऱ्या विजेच्या गोंगाटाने टॅब स्वतःच भलतीकडे रेघा ओढतो, आणि दोष पेनला मिळतो.

मग पट्टी ठेवून तिरकी रेघ, मुंगीच्या चालीने. नागमोड फार असेल तर त्या पेनने आलेखाचे अक्ष नीट काढता येणार नाहीत. नंतर ‘सर्वांंगीण’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय’ असा एखादा शब्द नेहमीच्या वेगाने लिहावा आणि अनुस्वार, रफार जागेवर पडतात का पाहावे. भरभर लिहिताना शिरोरेघ तुटते का, तेही. शेवटी तळहात टेकून एक ओळ. दुकानदार सांगेल की अॅपमध्ये सोय आहे, पण ती सोय तुमच्या डोळ्यांसमोर चालली तरच खरी. ऑनलाइन मागवणाऱ्यांना ही चैन नाही. त्यांनी आपल्या टॅबचा नेमका नमुना खोक्यावरच्या यादीत आहे का हे पाहावे, आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी हे सगळे घरी करावे.

आमचे मत विचाराल तर साध्या अँड्रॉइड टॅबसाठी दीड हजाराचे पेन घेऊ नये. चकतीचे घ्यावे, आणि तळहाताची व्यवस्था आपण करावी. काचेवर तळहाताखाली वहीच्या बांधणीतला जाड पुठ्ठा ठेवला, की दोन-तीन मिलिमीटरच्या अंतराने तळहाताची चोरी थांबते. घडी घातलेला रुमालही चालतो, पण मुंबईच्या हवेत तो घामाने ओलसर होतो आणि मग उपयोगाचा राहत नाही. बाई आता पुठ्ठाच वापरतात. पेन तेच, दीड हजाराचे. टाकून थोडेच देणार? भागाकाराच्या पाच चित्रफिती त्यांनी पाठवल्या आहेत, आणि त्यांत अंश आणि छेद आपापल्या जागी आहेत.

कानाच्या काड्यांची पेने मुले घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी माहुलगावातल्या एका मुलीने विचारले, की तिची आई मासळी विकायला बसते, हात सतत ओले असतात, आणि ओल्या बोटाने फोन ऐकत नाही, किंवा भलतेच काही उघडतो, असे का? हात तर वाहक आहे, पाणीही वाहक आहे, मग चोरी उलट जास्त व्हायला हवी. वर्गाने बराच वेळ विचार केला. काचेवर पाण्याचा पातळ थर पसरला की तो शेजारशेजारच्या कितीतरी छेदांना एकदम झाकतो, आणि बोटाची खूण थरभर पसरते. टॅबला एक नेमका मध्य सापडत नाही, किंवा मोठा डाग पाहून तो त्याला तळहात समजून सोडून देतो. मग तीच मुलगी म्हणाली, की पेनने फोन लावला तर हात ओला असला तरी काचेला फक्त टोक लागेल. कापसाचे टोक तिथे चालणार नव्हते, ते स्वतःच पाणी सोडते. तिला चकतीचे पेन दिले. ते आता तिच्या आईच्या पाटीच्या कडेला सुतळीने बांधलेले असते.